मागील आसाचे गुणोत्तर : अमेरिकी पिकअपच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

मोटार-वाहनांचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा इंजिनावर खिळलेली असते. अश्वशक्ती, सिलिंडरांची संख्या, कारखान्यातील जुळणीची पद्धती ह्यांची वर्णने विपुल आढळतात. परंतु इंजिनाने निर्माण केलेली शक्ती ज्या ठिकाणी अखेर चाकांच्या स्वाधीन होते, त्या मागील आसाच्या पोटातील दोन दातेरी चाकांविषयी ग्रंथ बहुतांशी मुके असतात. ह्यांपैकी लहान चाक म्हणजे पिनियन व मोठे म्हणजे क्राऊन. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले असता जी संख्या येते, ती आसाचे गुणोत्तर होय. ही संख्या मोठी असेल तर चाकाला जोर अधिक मिळतो, मात्र त्याच वेगासाठी इंजिनाला अधिक फेरे घ्यावे लागतात. संख्या लहान असेल तर ह्याच्या उलट. कारखान्याने ठरवून दिलेली ही संख्या अमेरिकेतील पिकअप-मालकांनी गेल्या शंभर वर्षांत वारंवार बदलली. हा बदल का झाला, कोणी केला आणि त्याचा पुरावा कोठे शिल्लक राहतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रारंभ फोर्डच्या ‘मॉडेल टी’पासून करणे सोयीचे आहे. १९०८ साली बाजारात आलेल्या ह्या गाडीच्या क्राऊनला ४० व पिनियनला ११ दाते होते, म्हणजे गुणोत्तर ३.६४. पुढे जाण्याचे वेग दोनच. खालच्या वेगात गिअरपेटीतील २.७५ ची घट तिला जोडली जाई आणि एकूण घट दहाच्या घरात पोचे. वरच्या वेगात ती एकदम ३.६४ वर येई. ह्या दोहोंमध्ये काहीही नव्हते. रिकाम्या गाडीला सपाट रस्त्यावर त्याची उणीव फारशी भासत नसे. परंतु धान्याची पोती लादून चढावर निघालेल्या शेतकऱ्याला वरचा वेग पेलत नसे आणि खालच्या वेगाने वाट सरत नसे.

फोर्डने ह्यावर काढलेला पहिला तोडगा म्हणजे १९१७ चे एक टन क्षमतेचे ‘टीटी’ चासी. इंजिन तेच, गिअरपेटी तीच. बदल झाला तो मागील आसात. तेथे मळसूत्री पद्धतीचे गिअर बसवून गुणोत्तर ७.२५ करण्यात आले. अशा वाहनाने ताशी १५ मैलांपेक्षा अधिक वेगाने जाऊ नये, अशी शिफारस होती. ज्यांना अधिक वेग हवा असे त्यांच्यासाठी ५.१७ चे गुणोत्तर उपलब्ध होते, आणि त्यांची मर्यादा ताशी २२ मैल होती. एकाच इंजिनाच्या जोरावर कुटुंबाची मोटार आणि ओझ्याची गाडी अशी दोन वाहने उभी राहिली, ती प्रामुख्याने आसातील ह्या फरकामुळे, ही गोष्ट मॉडेल टीच्या चरित्रकारांनी जितकी ठळकपणे नोंदवावयास हवी होती तितकी नोंदविलेली नाही.

पिकअप मात्र ह्या ओझ्याच्या गाडीची संतती नव्हे. १५ एप्रिल १९२५ रोजी फोर्डने २८१ डॉलर किमतीस जी पहिली कारखानी पिकअप विकावयास काढली, ती वस्तुतः मॉडेल टीची दोन आसनांची मोटारच होती. मागील बाजूस लोखंडी हौदा बसविलेला, इतकाच फरक. आस मोटारीचा, गुणोत्तर ३.६४. पिकअपच्या साऱ्या उत्तरकालीन इतिहासाचे बीज ह्या एका गोष्टीत आहे. हे वाहन जन्मतःच अर्धे मोटार व अर्धे मालवाहू होते. आठवड्याचे सहा दिवस ओझे आणि सातव्या दिवशी चर्च, अशा दुहेरी उपयोगाला कोणतेही एकच गुणोत्तर पूर्णतः न्याय देऊ शकत नाही. कारखान्याने निवडलेली संख्या ही तडजोड होती. आणि तडजोड म्हटली की तिच्याविषयी असमाधान आलेच.

हे असमाधान तत्काळ प्रकट झालेले दिसते. मॉडेल टीच्याच काळात ‘रकस्टेल’ नावाचा दोन वेगांचा आस फोर्डच्या विक्रेत्यांमार्फत विकला जात असे. त्यातील ग्रहगतीच्या चक्रांमुळे चालकाला बसल्या जागेवरून एक दांडा ओढून गुणोत्तर बदलता येई आणि दोन वेगांचे चार होत. शर्यतीच्या हौशी मंडळींसाठी ह्याच्या उलट, ३ ह्या गुणोत्तराची क्राऊन-पिनियनची जोडीही बाजारात होती. जोडीला धोकाही होता. मॉडेल टीचा पायाने दाबावयाचा ब्रेक गिअरपेटीत असल्यामुळे, मागे जोडलेले जादा गिअर मधल्या मोकळ्या स्थितीत अडकले, तर त्या ब्रेकचा चाकांशी संबंधच तुटे. म्हणून अशी जोडणी करणारे जाणते लोक मागील चाकांवर स्वतंत्र ब्रेकही बसवून घेत. कारखान्याच्या एका निर्णयात हात घातला की दुसऱ्या निर्णयाचा पाया हलतो, हे येथे स्पष्ट दिसते.

३.६४, ३.७८, ४.११ अशा वेड्यावाकड्या संख्या पाहून नवख्या अभ्यासकाला त्या लहरीने ठरविल्या असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. दोन्ही चाकांच्या दात्यांच्या संख्यांत सामाईक विभाजक नसावा, अशी यंत्रकारांची धारणा असते. ४० व ११, फोर्ड मॉडेल एचे ३४ व ९, शेव्हर्लेचे ३७ व ९ ह्या जोड्या तशाच आहेत. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता कालांतराने क्राऊनच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सर्वत्र सारखी वाटली जाते. नेमके ३ हे गुणोत्तर घेतले तर पिनियनच्या एका दात्याच्या वाट्याला क्राऊनचे तेच ते तीन दाते जन्मभर येतात.

अशा चाकांचे दाते कापणे हीच मुळात अवघड कला. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे विल्यम ग्लीसन ह्यांनी १८७४ साली तिरकस दात्यांची चाके रंधणारे यंत्र तयार केले, आणि ह्या धंद्याचे केंद्र पुढे बराच काळ त्याच गावात राहिले. त्यांची कन्या केट ग्लीसन ह्या अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या पहिल्या स्त्री-सभासद होत. त्यांचे चरित्र स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. १९२६ च्या सुमारास पॅकार्ड मोटारीत हायपॉइड पद्धतीचे गिअर आले. ह्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो, दाते एकमेकांवर घासत सरकतात, आणि त्यासाठी प्रचंड दाब सोसणारे विशेष तेल लागते. पिकअपच्या आसांतही हीच पद्धती पुढे रूढ झाली.

गुणोत्तराचा बदल हा केवळ वेगाच्या हव्यासातून होत नाही, ह्याचे उत्तम उदाहरण जीपचे आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपच्या दोन्ही आसांचे गुणोत्तर ४.८८ होते. १९४५ साली तीच गाडी ‘सीजे-२ए’ ह्या नावाने नागरी बाजारात आली तेव्हा ते ५.३८ करण्यात आले. कारण आता तिला नांगर ओढावयाचा होता आणि यंत्रे फिरवावयाची होती. सैनिकाची गाडी शेतकऱ्याची झाली, हे स्थित्यंतर आठ दात्यांच्या पिनियनसमोरील क्राऊनचे दाते ३९ वरून ४३ होण्यात नोंदले गेले आहे. महाराष्ट्राचा ह्या विषयाशी प्रत्यक्ष संबंध येथेच येतो. मुंबईत महिंद्र कंपनीने विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे ‘सीजे-३बी’ ह्या नमुन्याबरोबर ५.३८ चे हेच शेतकी गुणोत्तर आपल्याकडील रस्त्यांवर आले. ओहायओतील टोलेडोच्या कारखान्याने अमेरिकी शेतावर नजर ठेवून केलेली निवड अशा रीतीने येथील खडकाळ वाटांवरही रुजली. चारही चाके ओढणाऱ्या अशा गाडीत बदल करावयाचा तर दोन्ही आसांत सारखाच करावा लागतो. अन्यथा कठीण रस्त्यावर पुढील व मागील चाके परस्परांशी झगडतात आणि गिअरपेटीवर भलताच ताण येतो.

१९५६ नंतरचा बदल मात्र रस्त्याने घडविला. त्या वर्षीच्या जून महिन्यातील कायद्याने अमेरिकेत ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचे काम सुरू झाले. तत्पूर्वीच्या, म्हणजे १९४७ ते १९५५ ह्या काळातील अर्ध्या टनाच्या शेव्हर्ले पिकअपचे गुणोत्तर ४.११ होते. टायरचा व्यास सुमारे २८ इंच धरला तर ताशी ६० मैल वेगाला तिच्या इंजिनास मिनिटाला सुमारे २,९६० फेरे घ्यावे लागत. त्या काळी तिच्यातील २१६ घन इंचांच्या इंजिनाचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग ओतीव बॅबिट धातूचे असे, व १९५३ पर्यंत त्याला तेल मुख्यतः शिंतोड्यांनी मिळे. गावापासून बाजारपेठेपर्यंत जाणाऱ्या गाडीला ते पुरेसे होते. तासन् तास एकाच वेगाने धावावयाच्या गाडीला ते मानवेना. क्राऊन-पिनियनची ३९ व ११ दात्यांची जोडी बसविली की गुणोत्तर ३.५५ होते आणि तेच फेरे सुमारे २,५५० वर उतरतात. जुन्या शेव्हर्ले पिकअपचे जतन करणारे आजही हा बदल करतात, तो ह्याच कारणाने.

१९७३ च्या ऑक्टोबरातील तेलबंदीने सरकार ह्या प्रकरणात उतरले. जानेवारी १९७४ च्या कायद्याने वेगमर्यादा ताशी ५५ मैल झाली. १९७५ च्या कायद्यान्वये इंधनाच्या सरासरी वापराचे निकष आले, व १९७९ च्या नमुन्यांपासून ते हलक्या ट्रकांनाही लागू झाले. परिणामी कारखाने ३.०८, २.७३ अशी लहान गुणोत्तरे देऊ लागले. वेगमर्यादा असताना त्यांत गैर काही नव्हते. अडचण येई ती मागे घोड्यांची किंवा नावेची गाडी जोडल्यावर. ह्या काळात गुणोत्तर वाढवून घेणाऱ्या मालकांकडे सरकारी धोरणाविरुद्ध बंड करणारे म्हणून पाहण्याची एक प्रवृत्ती आहे. ती सयुक्तिक वाटत नाही. ज्याने विक्रेत्याच्या आवारात उभी असलेली गाडी जशी मिळाली तशी घेतली आणि ओझे ज्याच्या आयुष्यात मागाहून आले, त्याने केलेली ही दुरुस्ती होती. शिवाय ह्याच सुमारास मोठ्या टायरांची आवड पसरली. २८ इंचांच्या जागी ३१ इंचांचे टायर घातले की ३.७३ चे गुणोत्तर चाकाच्या दृष्टीने ३.३७ इतकेच उरते. ते पूर्ववत करण्यास सुमारे ४.१३ लागते, आणि बाजारात मिळते ४.१०. गंमत अशी की ३.७३ म्हणजे ४१ व ११ दाते, आणि ४.१० म्हणजे ४१ व १०. पिनियनचा एक दाता कमी करण्यात सारे येते.

अर्थात कागदावर एक दाता कमी करणे आणि आसात तो कमी करणे ह्यांत महदंतर आहे. क्राऊन व पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच तयार होतात, म्हणून एकटे चाक कधीही बदलता येत नाही. कित्येकदा डिफरन्शियलची केसही बदलावी लागते: डेना ४४ ह्या प्रसिद्ध आसात ३.७३ पर्यंत एक केस आणि ३.९२ पासून दुसरी. पिनियन किती खोल बसावा हे इंचाच्या हजाराव्या भागाच्या पातळ शिम घालून ठरवावे लागते. दात्यांतील मोकळी चाल साधारणतः सहा ते दहा हजारांश इंच ठेवावी लागते. दात्यांना रंग फासून, चाक फिरवून, ठसा दात्याच्या मध्यभागी उमटतो की नाही हे पाहावे लागते. ठसा टोकाकडे सरकला तर सारे उलगडून पुन्हा आरंभ. चूक राहिली तर आस हुंकार देऊ लागतो व काही हजार मैलांत दाते खचतात. हे ज्ञान पुस्तकांत आहे. तथापि ठसा वाचणारी नजर पुस्तकातून येत नाही. ती एका मिस्त्रीकडून दुसऱ्याकडे जाते, आणि तिचा इतिहास लिहावयाचा तर मुलाखतींवाचून गत्यंतर नाही.

आता पुराव्याचा प्रश्न. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या साधन-खंडांनी बखर व अस्सल पत्र ह्यांतील भेद मराठी अभ्यासकांच्या अंगवळणी पाडला. येथेही तोच विवेक हवा. कारखान्याची माहितीपत्रके ही बखरीच्या जातीची: गाडीला काय मिळावयास हवे होते ते ती सांगतात. त्याहून विश्वसनीय म्हणजे प्रत्यक्ष गाडीवरील नोंद. उदाहरणार्थ, जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये डॅशबोर्डच्या कप्प्यातील चिठ्ठीवर ‘जीटी४’ असेल तर ३.७३ आणि ‘जीटी५’ असेल तर ४.१०. परंतु ही चिठ्ठीदेखील जन्मकुंडलीसारखी आहे; नंतरच्या आयुष्याविषयी ती काही बोलत नाही.

मैलांचा आकडा तर ह्या बाबतीत विशेष फसवा. जुन्या गाड्यांत वेगदर्शक यंत्र गिअरपेटीच्या मागील टोकावरून चाले, आसाच्या अलीकडे. ३.०८ च्या जागी ४.१० बसवून त्या यंत्राचे लहान गिअर बदलले नाही, तर ते एकतृतीयांश अधिक मोजते; ७५,००० मैल चाललेली गाडी जवळजवळ एक लाख दाखविते. १९७२ च्या संघीय कायद्याने मैलांच्या नोंदीत फेरफार करणे बेकायदेशीर ठरविले. परंतु येथे नोंदीला कोणी हातही लावलेला नसतो.

अस्सल पत्र म्हणावे असे एकच साधन उरते, ते म्हणजे स्वतः आस. मागील एक चाक जमिनीवर अडकवून दुसरे उचलावे, त्यास दोन पूर्ण फेरे द्यावेत आणि तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजावे. साध्या डिफरन्शियलच्या आसात ही पद्धती पुरेशी आहे. ह्याहून खात्री हवी तर मागील झाकण उघडून तेल उपसावे आणि दाते मोजावेत. पुष्कळदा क्राऊनच्या कडेवर दात्यांच्या दोन्ही संख्या ठोकलेल्याही सापडतात. त्या चिठ्ठीशी जुळल्या नाहीत तर कोणीतरी, कधीतरी, कोणत्या तरी ओझ्यासाठी हा आस उघडला होता इतके सिद्ध होते. काढलेली जुनी जोडी तोवर बहुधा भंगारात गेलेली असते.