उतरत्या पाण्यातील महाशीर

पावसाळा सरून आश्विन लागला की भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील नद्यांचे गढूळ पाणी निवळते, प्रवाह आखडतो आणि खडकाळ पात्र उघडे पडू लागते. अमेरिका व कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅमन आणि स्टीलहेड या माशांच्या गळमासेमारीत शरदातील अशा उतरत्या पाण्याला वेगळे स्थान आहे. सह्याद्रीत हे मासे नाहीत. त्यांच्याशी तुलना व्हावी असा येथील मासा म्हणजे महाशीर होय.

दख्खनच्या महाशीराला मराठीत खडशी किंवा खडची म्हणतात. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेतील माशावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले व स्थानिक नावावरूनच त्यास 'खुद्री' हे नाव दिले. सॅमन समुद्रातून नदीत चढतो. महाशीर मात्र आयुष्यभर गोड्या पाण्यातच राहतो. पावसाळ्यातील पुराबरोबर तो प्रवाहाविरुद्ध वर जातो, स्वच्छ वाळू-गोट्यांच्या तळावर अंडी घालतो आणि पाणी ओसरू लागताच खोल डोहांकडे परततो. कटला-रोहूंच्या तुलनेने त्याची अंडी थोडी असल्याने घटलेली संख्या लवकर भरून येत नाही.

कमी पाण्यात मासा सापडणे सोपे, पण गळाला लागणे अवघड असते. निवळ पाण्यात त्याला काठावरची हालचाल व सावली चटकन दिसते. तो प्रवाहाकडे तोंड करून राहत असल्याने जाणकार गळकरी खालच्या अंगाने, वाकून व पाय न आपटता जवळ जातात. दोर बारीक आणि आमिष लहान ठेवतात. खळाळ जेथे डोहात उतरतो तेथे पाण्यात प्राणवायू अधिक मिसळतो व वाहून आलेले खाद्यही मिळते. पहाटे आणि सायंकाळी मासा तेथेच सापडण्याचा संभव अधिक असतो.

नीरेच्या खोऱ्यात आणखी एक सावधगिरी हवी. येळवंडी नदीवरील भाटघर धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. पुढे नीरा देवघर धरणही झाले. या धरणांतून कालव्यांच्या आवर्तनासाठी सोडलेले पाणी नदीपात्रातूनच वीर धरणाकडे जाते. त्यामुळे भोंगवली परिसरातील नीरेच्या काठावर पाण्याची पातळी पाऊस नसतानाही वाढू शकते. पात्राच्या मध्यभागी खडकावर बसून गळ टाकणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

मात्र खरा धोका माशालाच असतो. ओढे आटले की परिसरातील मोठे मासे मोजक्या डोहांत एकवटतात. अशा वेळी स्फोटके किंवा विष वापरल्यास डोहातील सर्व वयाचे मासे एकाच दिवशी नष्ट होऊ शकतात. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने हे दोन्ही प्रकार गुन्हा ठरविले. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरील अनेक नद्यांत प्रवाह ठरावीक पातळीखाली गेल्यास मासेमारीच बंद ठेवली जाते. आपल्याकडे हेच काम श्रद्धेने केले आहे. महाडजवळील वाळणकोंडीच्या डोहातील मासे देवीचे मानले जात असल्याने त्यांना कोणी धरत नाही.

मासे संपले तर नवे सोडता येतील, ही समजूतही तपासून पाहावी लागते. टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरचे कृत्रिम प्रजनन होत आले. तेथील बीज कावेरीतही सोडले गेले. तेथे दख्खनचा महाशीर वाढला, पण मूळचा कुबडा महाशीर झपाट्याने घटला व २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. एका खोऱ्यातील बीज दुसऱ्या खोऱ्यातील जातीची भरपाई करू शकत नाही.

म्हणून मासा सोडून देण्याचा प्रघात पाळणाऱ्यांनी काटे नसलेला गळ वापरावा, मासा फार वेळ दमवू नये, त्याला ओल्या हातांनी धरावे व शक्यतो पाण्यातच मोकळे करावे. उन्हाने तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो; दमलेला मासा सोडल्यानंतरही मरू शकतो. पाणी फारच उतरले असेल आणि डोहाला वरून प्रवाह येत नसेल, तर तेथे गळ न टाकणेच इष्ट. पुढील पावसाळ्यात वर चढणारे मासे याच डोहांतून निघतात.