निळ्या कोंबड्याचा नाद

अंड्यांसाठीं किंवा मांसासाठीं कोंबडी पाळणें ही गोष्ट कोणालाहि समजण्यासारखी आहे. पण पिसाची काळी किनार सुतभर जाड झाली म्हणून ज्याची झोप उडते, अशा माणसाविषयीं काय म्हणावें? इंग्लंड-अमेरिकेंत अशा माणसांची एक मोठी परंपरा होऊन गेली, आणि ती अद्यापहि खुंटलेली नाहीं. व्यवहारी जगानें त्यांना छांदिष्ट म्हटलें. परंतु आनुवंशिकतेचें जें शास्त्र विसाव्या शतकांत उदयास आलें, त्याच्या पायाचे कांहीं दगड या छांदिष्टांच्या खुराड्यांतूनच उचललेले आहेत.

या परंपरेचा आद्यपुरुष म्हणून सर जॉन सेब्राइट याचें नांव घ्यावें लागतें. १७६७ मध्यें जन्मलेला हा जमीनदार हर्टफर्डशर परगण्यांतील बीचवुड येथें राहत असे, व पार्लमेंटांत त्या परगण्याचा प्रतिनिधि होता. पाळीव जनावरांच्या जाति कशा सुधाराव्या, या विषयावर सर जोसेफ बँक्स यास उद्देशून लिहिलेलें एक पत्र त्यानें १८०९ मध्यें छापून काढलें. निवड हेंच सर्व सुधारणेचें मूळ, असें त्यांत त्यानें बजावलें. आणि एकाच रक्तांत पुनः पुनः जोड्या लावल्या तर जात खालावते, हा कुत्रीं, कबुतरें व कोंबडीं यांच्यावर घेतलेला आपला अनुभवहि प्रांजळपणें नोंदला. कबुतराच्या अंगावर हवें तें पीस तीन वर्षांत आणून दाखवीन, डोकें आणि चोंच हवीं तशीं पाहिजेत तर मात्र सहा वर्षें लागतील, अशी त्याची प्रौढी होती. डार्विननें १८५९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत तिचा उल्लेख केला आहे.

पण त्याची खरी कीर्ति राहिली ती एका चिमुकल्या बँटम कोंबडीमुळें. अंगावरील एकूण एक पीस सोनेरी, नाहीं तर रुपेरी. आणि त्या प्रत्येक पिसाला टांकानें ओढल्यासारखी बारीक काळी किनार. हें साधण्यासाठीं त्यानें अनेक वर्षें खर्चिलीं. मात्र कोंबड्याच्या बाबतींत निराळीच अडचण होती. कोंबड्याच्या मानेवर व कमरेवर जीं लांब टोकदार पिसें असतात, आणि शेपटींत जे विळ्यासारखे तुरे असतात, त्यांवर अशी गोल किनार बसत नाहीं. तेव्हां सेब्राइटनें कोंबड्यालाहि कोंबडीचाच वेष चढविला! आरवणें, तुरा, ऐट सर्व कांहीं नराचें. पिसारा तेवढा मादीचा. लंडनमध्यें या एका जातीसाठीं संघ निघाला, सभासदांचे पक्षी दरसाल एकत्र येऊं लागले, त्यांची परीक्षा होऊं लागली.

या सौंदर्याची किंमत पुढें चुकवावी लागली. सेब्राइटच्या मूळ वंशांतील रुपेरी बँटम डार्विनच्या पाहण्यांत आल्या, तेव्हां त्या वर्षीं दोन भरगच्च घरट्यांतील अंड्यांतून एकहि पिलूं बाहेर पडलें नव्हतें, असें त्यानें १८६८ मध्यें लिहिलें आहे. ज्या नराचा पिसारा अधिक निर्दोष तोच बहुधा वांझ, ही त्या काळच्या जाणत्या शौकिनांची तक्रार होती. जो धोका सेब्राइटनें स्वतः १८०९ मध्यें लिहून ठेवला होता, तोच त्याच्या आवडत्या पक्ष्याच्या वांट्यास यावा, यांत नियतीचा थोडा क्रूर विनोद आहे. नराला मादीचा पिसारा कां येतो याचा शोध अमेरिकन शास्त्रज्ञ मॉर्गन यानें लावूं पाहिला. अशा कोंबड्याचीं वृषणें काढून टाकल्यास त्याला नराचीं झोकदार पिसें फुटतात, हें त्यानें १९१९ च्या आपल्या ग्रंथांत मांडलें. पुढें कळून आलें कीं, या कोंबड्याच्या त्वचेंतच पुरुष-रसाचा स्त्री-रस बनतो. आणि फार प्राचीन काळीं वंशांत शिरलेल्या एका विषाणूचा तुकडा या बदलाशीं निगडित आहे, हें वर्णन २०१९ मध्यें प्रसिद्ध झालें.

कोंबड्यांच्या झुंजी इंग्लंडांत १८३५ मध्यें कायद्यानें बंद झाल्या, आणि झुंजविण्याची हौस हळूहळू मिरविण्याच्या हौसेंत उतरली. त्याच सुमारास चीनच्या किनाऱ्यावरून अवजड, पायांवर पिसें असलेलीं कोंबडीं आलीं. विंडसर येथें व्हिक्टोरिया राणीच्या पक्षिगृहांत त्यांना जागा मिळाली आणि सर्व देशाला त्यांचें वेड लागलें. अमेरिकेंत नोव्हेंबर १८४९ मध्यें बोस्टन येथें भरलेलें प्रदर्शन पाहण्यास दहा हजारांवर लोक लोटले. या वेडाला 'कोंबडी-ज्वर' असेंच नांव पडलें. त्यांत हात धुऊन घेणाऱ्यांपैकीं जॉर्ज बर्नहॅम यानें आपले करड्या रंगाचे पक्षी राणीला नजर केले, भाव चढविले, आणि बाजार बसल्यावर १८५५ मध्यें त्या सगळ्या वेडाची टर उडविणारा इतिहासहि लिहून विकला. याच करड्या पक्ष्यांना कोणी तरी आपल्या ब्रह्मपुत्रेचें नांव दिलें. बर्नहॅमच्या मतें ते शांघायचेच होते. पण नांव असें चिकटलें कीं ती जात आजहि 'ब्रह्मा' म्हणूनच ओळखली जाते. हिंदुस्थानाशीं कोंबड्यांचें एक नातें मात्र निःसंशय आहे. त्यांच्या पायांचा पिवळा वर्ण सह्याद्रीच्या रानांत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आला, असें २००८ मध्यें सिद्ध झालें.

ज्वर उतरला, सट्टेवाले गेले, आणि खरे नादी तेवढे मागें राहिले. १८६५ मध्यें इंग्लंडांत व १८७४ मध्यें अमेरिकेंत प्रत्येक जातीच्या रंगरूपाचे नियम ग्रंथरूपानें छापले गेले. तेव्हांपासून शौकिनाचें सारें वर्ष त्या पुस्तकाच्या धाकांत जाऊं लागलें. वसंतांत जोड्या लावायच्या. एकवीस दिवसांनीं पिलें निघतात, पण त्यांच्या अंगावरील लव पुढच्या रंगाविषयीं फारसें कांहीं सांगत नाहीं. पांच-सहा महिने दाणापाणी करावें, कोल्ह्यापासून राखावें, तेव्हां खरा पिसारा उतरतो. मग एके दिवशीं सकाळीं खुराड्याचें दार उघडावें, तर सगळ्यांत डौलदार तलंगेच्या पंखांत एक पांढरें पीस! तें उपटून प्रदर्शनांत जाणारेहि होतेच, आणि रंग लावणारेहि. पण प्रामाणिक माणसाला एवढ्या पक्ष्यांतून दोन-तीनच ठेवून बाकीचे खाटकाकडे पाठवावे लागत. आणि ज्या हातांनीं त्यांना भरविलें, त्याच हातांनीं ही निवड करावी लागे. कधीं मात्र डोळ्यांसमोर वर्षानुवर्षें जें पीस तरंगत असतें, अगदीं तेंच एखाद्या पक्ष्याच्या छातीवर उमटतें. त्या एका सकाळीसाठीं हा माणूस आणखी दहा वर्षें हेंच करीत राहतो.

आडव्या पट्ट्यांच्या प्लिमथ रॉक जातीनें तर शौकिनांना दोन संसार मांडायला लावले. नर व मादी दोघेंहि सारख्याच छटेचीं हवींत, असा परीक्षकांचा आग्रह. पण एकाच जोडीपासून नर फिके निपजत आणि माद्या गडद. शेवटीं कोंबड्यांसाठीं एक कुळी आणि तलंगांसाठीं दुसरी, अशी दुहेरी पैदास सुरू झाली. पट्ट्यांचा हा गुण नराला दोन मात्रांत मिळतो आणि मादीला एकाच मात्रेंत, हें गूढ विसाव्या शतकाच्या आरंभीं उकललें. तोंवर दोष चाऱ्याला, हवेला, आणि क्वचित् शेजाऱ्याच्या कुंपण उडून आलेल्या कोंबड्यालाहि दिला जात होता.

सर्वांत मोठी निराशा होती ती निळ्या अँडलूझियनची. नांवानें हा पक्षी स्पेनचा. पण त्याला घडविलें इंग्लिश शौकिनांनीं. पावसाळी ढगासारखा निळसर राखी रंग, आणि प्रत्येक पिसाला गडद कांठ. दोष एकच: तो आपल्यासारखी संतति देत नसे. निळ्याला निळी द्यावी, तर निम्मींच पिलें निळीं होत. चौथा हिस्सा काळा, आणि चौथा हिस्सा मळकट पांढऱ्यावर निळे-काळे शिंतोडे पडलेला. रक्तांत कोठें तरी भेसळ आहे, अशीच सर्वांची समजूत होती. काळे आणि शिंतोडी पक्षी पिढ्यान् पिढ्या काढून टाकले गेले. निवड हें सर्व सुधारणेचें मूळ, हा सेब्राइटचा मंत्र होता. येथें तो कितीहि जपला तरी फळ येईना. पुढील पिढींत पुन्हां तोच हिशेब: अर्धे, पाव, पाव.

मेंडेलचा १८६६ चा निबंध १९०० मध्यें पुन्हां उजेडांत आला, तेव्हां केंब्रिजचा विल्यम बेटसन त्या मताचा कैवारी बनला. ग्रँटचेस्टर येथील आपल्या घरीं त्यानें कोंबडीं पाळलीं, आणि मेंडेलचे नियम वाटाण्याप्रमाणें प्राण्यांनाहि लागू पडतात, हें कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून १९०२ मध्यें दाखविलें. रेजिनल्ड पनेट त्याला येऊन मिळाला, आणि निळ्या अँडलूझियनचा हिशेब सुटला. निळा रंग हा स्वतंत्र रंगच नव्हे; काळ्या बीजाची आणि पांढऱ्या बीजाची एकेक मात्रा एकत्र आली म्हणजे पक्षी निळा दिसतो. त्यामुळें निळ्यांचा शुद्ध वंश निघणेंच शक्य नाहीं. सगळीं पिलें निळींच हवीं असतील, तर काळा पक्षी त्या शिंतोडी पांढऱ्याला द्यावा! म्हणजे शौकिनांनीं अर्धें शतक ज्या दोघांना टाकाऊ म्हणून मारलें, निळ्याची किल्ली त्या दोघांपाशींच होती.

हें ऐकून शौकिनाला काय वाटलें असेल? एक ओझें उतरलें: त्याच्या हातून पाप घडलें नव्हतें, रक्तांत भेसळ नव्हती. पण कधीं तरी शुद्ध निळा वंश निघेल, ही आशाहि त्याच वाक्यानें संपली. पनेटनें पुढें पिसांच्या रंगावरून जन्मतःच नर-मादी ओळखण्याची युक्ति काढून पहिल्या महायुद्धाच्या टंचाईंत तिचा उपयोग सुचविला, आणि निळा अँडलूझियन जीवशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत जाऊन बसला. शौकीन मात्र बहुधा निळ्याला निळीच देत राहिला. कारण काळ्या पक्ष्याच्या अंगावर पिसाचा गडद कांठ दिसत नाहीं, आणि तो कांठ चांगला उतरेल कीं नाहीं हें त्याला डोळ्यांनीं पाहून ठरवायचें असतें. इंग्लंड व अमेरिका येथील नियमग्रंथांत अँडलूझियन हा निळाच असावा लागतो. काळ्याला आणि शिंतोडी भावंडाला त्या नांवाचा पिंजरा अजून मिळालेला नाहीं.