मुंग्या, बधिर चट्टा आणि १८९८ चा कायदा

आमच्या धनजकडे हातापायाला मुंग्या आल्या की "नस दबली असन" म्हणून लोक मोकळे होतात. कारण बरेचदा मधुमेह किंवा बी-१२ ची कमतरता निघतं. पण अंगावर फिकट चट्टा असेल अन् तिथं टोचलेलं कळत नसेल, तर कुष्ठरोग तपासायलाच हवा.

या रोगाचं कारण सापडायला इतका उशीर का झाला? जंतू शिरल्यावर लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं लागतात, कधी वीससुद्धा. एवढ्या काळानंतर कोण कशाचा संबंध लावणार? कुणी पूर्वजन्मीचं पाप म्हटलं, कुणी घराण्याचा दोष. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सननं रुग्णांच्या गाठींत जंतू पाहिला. तो नसांमध्ये घर करतो, म्हणून बधिरपणा. बोटं जातात ती बहुतेक न कळलेल्या भाजण्या-कापण्यानं.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. जंतू सापडून २५ वर्षं झाल्यावर, १८९८ मध्ये, इंग्रज सरकारनं कायदा केला: निराधार कुष्ठरोगी दिसला की पोलिसांनी वॉरंटशिवाय पकडावा! १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी आपल्या अमरावतीत तपोवन उभारलं. १९८० च्या दशकात एकत्र औषधांचा उपचार आला, रोग पूर्ण बरा होऊ लागला. आणि तो कायदा संसदेनं रद्द केला २०१६ मध्ये! घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोग वगळला तो तर २०१९ ला.

गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. चट्टा असेल तर आशाताईंना दाखवा.