उभे स्पीकर घेताना आधी दिवाणखाना मोजा

लॅमिंग्टन रोडवरील दुकानात जाड गालिचा आणि पडदे लावलेल्या खोलीत जे स्पीकर गोड वाटतात, तेच मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या घरी आणून जोडले की, घुमू लागतात. तबल्याचा डग्गा फुगतो, गायकाचे शब्द पुसट होतात आणि ग्राहक कंपनीला बोल लावतो. वास्तविक दोष बहुतेकदा स्पीकरचा नसतो. दुकानातली ती खोली काही खोक्यात भरून मिळत नाही. त्यामुळे जमिनीवर उभे राहणारे, साडेतीन-चार फूट उंचीचे ‘टॉवर’ स्पीकर घेण्याचा विचार असेल, तर पहिली खरेदी मोजपट्टीची करावी.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनिलहरी मागेपुढे आपटत राहतात आणि एका ठरावीक कंपनसंख्येचा स्वर त्या अंतरात नेमका मावून अवाजवी मोठा होतो. ही कंपनसंख्या काढणे सोपे आहे. ५६५ या आकड्याला भिंतींमधील अंतराने, फुटांत, भागावे. १२ फूट रुंदीला उत्तर येते ४७ हर्ट्झ. २४ फूट लांबीला साडेतेवीस, आणि त्याची दुप्पट पुन्हा ४७. शेजारचे दोन फ्लॅट जोडून केलेल्या दिवाणखान्यात लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट असणे सहज घडते. अशा खोलीत दोन्ही दिशांची घुमक एकाच स्वरावर येऊन साचते आणि तो मोठा असूनही लहान खोलीपेक्षा वाईट वाजू शकतो. जेवणाची जागा काटकोनात मोकळी जोडलेली असेल, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. अंधेरी-घाटकोपरच्या नव्या टॉवरांत विटांऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. त्या खर्जाचा आवाज फारसा शोषत नाहीत, तो खोलीतच परतवतात. खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादी असली की, वरच्या पट्टीचा आवाजही कर्कश होतो. त्यावर सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेले कपाट हा स्वस्त इलाज आहे. खर्जावर मात्र त्याचा उपयोग नाही.

मग किती खोल खर्ज हवा? हा प्रश्न घरात काय ऐकले जाते त्यावर सोडावा. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. इलेक्ट्रिक बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, तर पियानोचा शेवटचा स्वर साडेसत्तावीसचा. ज्या घरात मुख्यत्वे शास्त्रीय गायन, नाट्यपद आणि भावगीत वाजते, तेथे ५० हर्ट्झपर्यंत सरळ उतरणारा स्पीकर पुरेसा आहे. तीस हर्ट्झपर्यंत जाणारा महागडा स्पीकर त्या घरात केवळ भिंतींची घुमक जागी करील. चित्रपट आणि आजच्या नृत्यगीतांचा शौक असेल, तर गोष्ट वेगळी. माहितीपत्रकात कंपनसंख्येच्या आकड्यापुढे ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ असा उल्लेख नसेल, तर तो आकडा विसरावा.

वॅटचे गणितही असेच फसवे. ‘पीएमपीओ’ या नावाखाली हजारो वॅट छापण्याची प्रथा बाजारात दीर्घकाळ चालली. त्याला कोणतेही प्रमाण नव्हते. पाहायचे ते संवेदनशीलतेकडे. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर, दहा फुटांवरच्या सोफ्यापर्यंत, ७७-७८ डेसिबल आवाज पोचवतो, आणि घरी ऐकायला तेवढा भरपूर झाला. मात्र ताशाचा एखादा ठोका त्याहून १५ डेसिबल वर जातो व तेव्हा क्षणभर तीसपट शक्ती लागते. म्हणून ५० ते ८० वॅट आरएमएसचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर मोठ्या दिवाणखान्याला पुरतो. संवेदनशीलता ३ डेसिबलने घटली की, तितक्याच आवाजासाठी वॅट दुप्पट लागतात. शिवाय चार ओहमचे स्पीकर साध्या अ‍ॅम्प्लिफायरला जड जातात, ही चौकशी आधी करावी.

हवा जाण्याचे भोक मागच्या बाजूला असलेला स्पीकर भिंतीपासून किमान दोन फूट पुढे ठेवावा लागतो. तेवढी जागा गृहिणीकडून मिळणार नसेल, तर पुढे भोक असलेला किंवा बंद पेटीचा स्पीकर घ्यावा. कोपरा नेहमीच टाळावा. पेटी बहुधा दाबलेल्या लाकडी भुशाची असते आणि रोज लादी पुसताना तिच्या बुडाशी पाणी मुरून ती फुगते, त्यामुळे उंच पायांवर वा ग्रॅनाइटच्या तुकड्यावर ती उभी असलेली बरी. कोनाच्या कडेला फोमऐवजी रबर आहे ना, हेही पाहावे; दमट हवेत फोम काही वर्षांत भुरभुरून पडतो.

उरतो शेजारी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण ही मोजणी ज्या मापाने होते त्यात खर्जाला फारच कमी वजन मिळते. ५० हर्ट्झचा आवाज त्यात सुमारे ३० डेसिबलने कमी भरतो. यंत्र गप्प राहते, खालच्या मजल्यावरची भांडी मात्र थरथरतात. स्लॅबमधून जाणारी ही थरथर स्पीकरखाली जाड रबराच्या चकत्या ठेवल्याने काहीशी अडते.

सौदा ठरवण्यापूर्वी दुकानदाराकडे चार दिवसांसाठी जोडी घरी मागावी. मोठ्या किमतीच्या खरेदीत काही विक्रेते ती देतात. ओळखीची ध्वनिमुद्रणे लावून आधी सोफ्यावर बसून ऐकावे, आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा खालच्या घरी जाऊनही.