कपॅसिटर प्लेग : वैयक्तिक संगणकाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण (१९९९-२००७)

प्रस्तावना

वैयक्तिक संगणकाचा इतिहास बहुधा प्रोसेसरचा वेग, स्मरणक्षमता आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या यांच्या क्रमाने लिहिला जातो. यंत्र बंद का पडले आणि त्याचा भुर्दंड कोणी सोसला, हे प्रश्न त्या इतिहासात क्वचितच येतात. वास्तविक विजेशी निगडित दोष या यंत्राच्या आरंभापासून त्याच्यासोबत आहेत. १९८० साली आलेल्या ‘ॲपल ३’ या संगणकात आवाज नको म्हणून पंखा बसविलेला नव्हता. उष्णतेने त्यातील चिप खोबणीतून सैल होत, आणि संगणक काही इंच उचलून टेबलावर आपटावा, असा उपाय ग्राहकांना सुचविला जाई. १९८२ च्या ‘कमोडोर ६४’ला वीज पुरविणारा ठोकळा राळेने भरून बंद केलेला असे. तो बिघडला की ५ व्होल्टऐवजी अधिक दाब बाहेर पडे व मेमरी चिप जळून जात. परंतु हे दोष एकेका कंपनीच्या एकेका यंत्रापुरते मर्यादित होते. १९९९ ते २००७ या काळात मात्र निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांत एकाच प्रकारचा बिघाड आढळू लागला. ‘कपॅसिटर प्लेग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोषाचे स्वरूप

मदरबोर्डवर प्रोसेसरच्या भोवती लहान डब्यांसारखे दिसणारे जे घटक उभे असतात, ते ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटर होत. प्रोसेसरला मिळणारा विद्युत्प्रवाह स्थिर राखणे हे त्यांचे कार्य. २००० च्या सुमारास प्रोसेसरना दीड-दोन व्होल्ट इतक्या कमी दाबाने, परंतु कित्येक अँपिअर प्रवाह लागू लागला. त्यासाठी अत्यल्प अंतर्गत रोध असलेले कपॅसिटर हवे होते, आणि ते स्वस्तात मिळावेत म्हणून आतील इलेक्ट्रोलाइटमध्ये पाण्याचे प्रमाण पुष्कळ वाढविण्यात आले. पाणी ॲल्युमिनियमवर चढते व त्यातून हायड्रोजन वायू निर्माण होतो. ही क्रिया रोखणारी रसायने योग्य प्रमाणात मिसळली नाहीत, तर वायूचा दाब वाढून डब्याचे डोके फुगते आणि तेथे मुद्दाम कोरलेली खाच फाटून तपकिरी द्रव बाहेर येतो. वर्षानुवर्षे टिकावा असा घटक एक-दोन वर्षांतच निकामी होऊ लागला.

उष्णता हा येथे दुसरा घटक. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की या कपॅसिटरचे आयुष्य साधारणतः निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. वातानुकूलन नसलेल्या खोल्यांत त्याचा अर्थ काय होतो, हे विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांस वेगळे सांगण्याची गरज नाही.

हा दोष ओळखण्यास मात्र कठीण होता. संगणक मधूनच स्वतःहून पुन्हा सुरू होई, कधी काम करताना गोठून जाई, कधी सकाळी दोन-तीनदा बटण दाबल्यावर चालू होई. ही सर्व लक्षणे व्हायरसची, विंडोजची किंवा सदोष मेमरीचीही असू शकतात. महाराष्ट्रात ती वर्षे भारनियमनाची होती. संशय प्रथम विजेकडे जाणे स्वाभाविकच होते.

सूत्रचोरीची कथा

२००२-०३ मध्ये तांत्रिक नियतकालिकांतून या बिघाडाचे एक स्पष्टीकरण प्रसिद्ध झाले. जपानी कंपनीत काम केलेला एक रसायनतज्ज्ञ चीनमधील कंपनीत गेला; तेथील त्याच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोलाइटचे सूत्र तैवानला नेले; परंतु ते अपुरे असल्याने प्रतिबंधक रसायने त्यातून गळली. ही कथा आकर्षक आहे. चोराला शिक्षा आपोआप मिळाल्याचे समाधानही तीत आहे, आणि कदाचित म्हणूनच ती आजवर निःशंकपणे सांगितली जाते. तैवानी बनावटीच्या अनेक कपॅसिटरांच्या बाबतीत ती ग्राह्य धरली, तरी सर्वांत गाजलेल्या प्रकरणास ती लागू पडत नाही. अमेरिकेतील डेल कंपनीच्या ‘ऑप्टिप्लेक्स’ संगणकांतील सदोष कपॅसिटर निचिकॉन या प्रतिष्ठित जपानी कंपनीचे होते. तेव्हा दोष केवळ नकलेचा होता, असे म्हणता येत नाही.

जबाबदारीचा प्रश्न

२००७ मध्ये एका अमेरिकी ग्राहक कंपनीने डेलविरुद्ध दावा दाखल केला. त्यातील कागदपत्रे २०१० मध्ये खुली झाली. मे २००३ ते जुलै २००५ या काळात हा धोका असलेले किमान १ कोटी १८ लाख संगणक विकले गेले होते, आणि तीन वर्षांत त्यांपैकी ९७ टक्क्यांपर्यंत यंत्रांत बिघाड संभवतो, असा अंदाज कंपनीच्याच पाहणीत नोंदविलेला होता. २००५ मध्ये कंपनीने यासाठी ३० कोटी डॉलरची तरतूद केली. तरीही ग्राहकांशी बोलताना मदरबोर्ड सदोष असल्याचे सूचित होईल अशी भाषा टाळावी, अशा सूचना कर्मचाऱ्यांना होत्या.

टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातील संगणक बंद पडू लागले, तेव्हा विभागाने त्यांच्याकडून फार अवघड गणिते करून घेतल्यामुळे ते बिघडले, असे कारण कंपनीने दिले. गणित विभागाने संगणकावर दुसरे काय करावयाचे, हे मात्र सांगितले नाही. दाव्यात डेलची बाजू मांडणाऱ्या वकिली संस्थेचे एक हजार संशयित संगणक बदलून देण्यासही कंपनीने आढेवेढे घेतले होते.

मोठ्या कंपनीचा ग्राहक निदान न्यायालयात जाऊ शकला. आपल्याकडे घरोघरी व महाविद्यालयांत सुटे भाग जोडून तयार केलेले संगणक मोठ्या संख्येने होते. त्यांची हमी संपली की ग्राहकासमोर नवा मदरबोर्ड घेणे किंवा दुरुस्ती, एवढेच मार्ग उरत. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्ली येथे काही रुपयांत मिळणारे १०५ अंशांचे कपॅसिटर आणून फुगलेले काढणे व नवे डाग देऊन बसविणे शक्य असते. मात्र मदरबोर्डमधील तांब्याचे थर उष्णता शोषून घेत असल्याने जुने पाय उपटताना छिद्राचा धातूचा लेपही निघून येतो आणि बोर्ड कायमचा जातो. म्हणून हे काम तापमान राखता येणाऱ्या सोल्डरिंग आयर्नने, सवयीच्या हातानेच करावे लागते.

२००६ च्या सुमारास मदरबोर्ड उत्पादकांनी द्रवाऐवजी घन पॉलिमर वापरलेले कपॅसिटर बसविण्यास आरंभ केला. तोवर ग्राहकाला ज्याचे नावही ठाऊक नव्हते, तो घटक ‘सॉलिड कपॅसिटर’ या नावाने मदरबोर्डच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापला जाऊ लागला.