जामीन आणि गुन्ह्याचे गांभीर्य

1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 497 मूळ रूपात कमालीचे कडक होते. अजामीनपात्र गुन्हा आरोपीनेच केला असावा, असे मानायला रास्त कारण दिसले की जामीन नाही, मग गुन्हा चोरीचा असो वा खुनाचा. 1923च्या दुरुस्तीने ही बंदी फाशी किंवा जन्मठेप काळ्या पाण्याच्या गुन्ह्यांपुरती उरली आणि त्यातही सोळा वर्षांखालील मुले, स्त्रिया व आजारी यांच्यासाठी वाट ठेवली गेली. मात्र त्याच संहितेतील कलम 498ने उच्च न्यायालयाला आणि सत्र न्यायालयाला जामिनाचा अधिकार देताना अशी अट घातली नव्हती. गंभीर गुन्ह्यांतील जामिनाचा आपला विचार घडला तो या मोकळ्या ठेवलेल्या जागेत.

त्याची पहिली मोठी परीक्षा मेरठ कटाच्या खटल्यात झाली. मार्च 1929मध्ये देशभरातून कामगार पुढारी पकडले गेले. त्यांत मुंबईचे डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर होते. बादशहाचे सार्वभौमत्व उलथण्याच्या कटाचा हा आरोप जन्मठेपेच्या शिक्षेचा, म्हणजे जामिनापुरता खुनाच्याच पंगतीतला. 1931मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने या आरोपींच्या अर्जांवर सांगितले की कलम 498चा अधिकार 497च्या बंधनाने जखडलेला नाही; तो विवेकाने वापरायचा आहे. न्या. मुखर्जी यांनी दिलेले कारण मला अधिक मोलाचे वाटते: बाहेर असलेला आरोपी आपला बचाव कोठडीतल्यापेक्षा नीट करू शकतो. शिक्षा जाहीर व्हायला जानेवारी 1933 उजाडला आणि त्याच वर्षी अपिलात बहुतेकांच्या शिक्षा खूपच खाली आल्या. आरोपाच्या वजनावरूनच कोठडी ठरवली, तर निकालाआधी किती वर्षे खर्ची पडतात, हे यावरून दिसते.

यावर आक्षेप येतो, आणि तो हलका नाही: खून पाहिलेला साक्षीदार त्याच गावात राहतो, आरोपी परतला तर त्याने तोंड कसे उघडावे? पण आरोपी हजर राहावा आणि पुरावा शाबूत राहावा, ही कसोटी याच भीतीची दखल घेते. डिसेंबर 1977मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे खुनाची दोन प्रकरणे होती. एकात सत्र न्यायालयाने निर्दोष सोडलेल्यांना उच्च न्यायालयाने दोषी ठरवले होते, न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यांना अपील चालू असताना जामीन दिला. दुसऱ्यात एका दरोडेखोराला यमुनेत बुडवून मारल्याचा आरोप दिल्लीच्या पोलिसांवर होता. तिथे साक्षीदारांवर दबाव येण्याची शक्यता खरी होती, म्हणून त्यांचा जामीन रद्द करण्याचा आदेश कायम राहिला. आरोप दोन्हीकडे खुनाचाच होता. फरक पडला तो परिस्थितीमुळे.

महाराष्ट्राच्या 1999च्या मोक्का कायद्याने प्रश्नच उलटा केला. सरकारी वकिलाने विरोध केल्यास, आरोपी दोषी नाही असे मानायला रास्त आधार असल्याची खात्री पटल्याशिवाय न्यायालयाने जामीन देऊ नये, असे कलम 21 सांगते. संघटित टोळ्यांची दहशत खरी होती, हे मान्यच आहे. तरीही साक्षी झालेल्या नसताना निर्दोषत्व तपासायला लावणे म्हणजे खटल्याचा निकालच आधी मागणे होय. 2005मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ सैल केला: जामिनाच्या टप्प्यावर निर्दोषत्वाचा ठाम निष्कर्ष काढायचा नसतो, पुराव्याचा कल ढोबळमानाने पाहायचा असतो. कलमातील शब्द मात्र आजही तसेच आहेत.