परभणीच्या गोंधळात गाजलेल्या आख्यानाने शाहीर विठ्ठल उमप यांना नट बनवलं

रॅपर पुढे जाऊन अॅक्टर होतो, हे आता कुणाला नवीन नाही. अटलांटाचा लुडाक्रिस 2003 पासून 'फास्ट अँड फ्युरियस'च्या गाड्यांमध्ये बसलाय, त्याच शहरातला टी. आय. 'अँटमॅन'मध्ये दिसला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या पोरांना न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसवाले आधी हिशोबात धरत नव्हते. मग ते गाण्यातून पडद्यावर गेले. आपल्याकडे पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन 2023 मध्ये 'बिग बॉस' जिंकला, तेव्हा अनेकांना हिपहॉप नावाचं काहीतरी असतं हे कळलं.

पण यमक जुळवत, ठेक्यावर बोलत, समोरच्याला आव्हान देत गाणारी माणसं महाराष्ट्रात फार आधीपासून आहेत. कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे शाहीर रात्र रात्र एकमेकांना सवाल टाकायचे आणि उत्तर देता आलं नाही तर भर फडात हरायचे. आजच्या भाषेत ती बॅटलच. फरक इतकाच की बीट डफ-तुणतुण्याची असायची.

याच शाहिरीतून नट झालेलं मोठं नाव म्हणजे लोकशाहीर विठ्ठल उमप. त्यांना रंगभूमीवर अजरामर करणाऱ्या भूमिकेची वाट मराठवाड्यातून, परभणीच्या गोंधळातून जाते.

आधी शाहीर

उमप यांचा जन्म 1931 चा, मुंबईच्या नायगावचा. गिरणी कामगारांची वस्ती, चाळी, आणि आंबेडकरी चळवळीचा जोर. भीमराव कर्डकांच्या पिढीने जलसे गावोगाव नेले होते. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार गाण्यातून पोचत होता. उमप याच हवेत वाढले. भीमगीतं, पोवाडे, भारुडं, कोळीगीतं, कव्वाली, सगळं त्यांनी गायलं. आकाशवाणी आणि रेकॉर्डमुळे आवाज घराघरात गेला. 'फू बाई फू' म्हटलं की एका पिढीला आजही तोच आवाज ऐकू येतो. त्यांनी आत्मचरित्रालाही हेच नाव दिलं.

एवढ्यावरही त्यांचं नाव राहिलं असतं. पण मग जांभूळ आख्यान आलं.

परभणीत काय होतं?

गोंधळ म्हणजे लग्नानंतर घरात घालायचा एक कुळाचार, एवढंच शहरातल्या माणसाला माहीत असतं. मराठवाड्यात तो पूर्ण रात्रीचा खेळ आहे. माहूरची रेणुका आणि तुळजापूरची भवानी यांचे उपासक असलेले गोंधळी, गळ्यात कवड्यांची माळ, हातात संबळ आणि तुणतुणं, शेजारी पेटती दिवटी. पूर्वरंगात देवांना आवाहन आणि उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट.

अभिनय येतो तो इथे. नायक गोष्ट सांगता सांगता राजा होतो, राणी होतो, म्हातारा होतो. ना मेकअप, ना नेपथ्य. एखादा शेला डोक्यावर घेतला की झाली बाई. साथीदार मध्येच तिरका प्रश्न विचारतो, हशा पिकतो, गोष्ट पुढे सरकते. गोंधळी हा मुळातच नट असतो, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नाही.

परभणीचे राजारामभाऊ कदम हे या कलेतलं सगळ्यात आदराने घेतलं जाणारं नाव. लोक त्यांना गोंधळ महर्षी म्हणत. जांभूळ आख्यान ही त्यांची ओळख होती.

गोष्ट मूळ महाभारतात नाही, ती लोकांची आहे. द्रौपदीचं मन कर्णावर जातं आणि कृष्णाला ते कळतं. वनात पांडवांकडून एका ऋषीच्या झाडाचं जांभूळ तोडलं जातं. आता शाप बसणार! कृष्ण म्हणतो, प्रत्येकाने मनातलं खरं सांगा, फळ परत देठाला लागेल. पाचही पांडव बोलतात, फळ वर चढत जातं. द्रौपदी काहीतरी लपवते आणि फळ अडतं. शेवटी ती कबूल करते की पाच नवरे असूनही मनात सहावा आहे. मग जांभूळ झाडाला चिकटतं.

पतिव्रतेची पूजा करणाऱ्या समाजात, देवीच्या विधीत, ही गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. हे मुद्दाम लक्षात घेण्यासारखं आहे.

आणि मग मुंबईचा रंगमंच

1944 साली स्थापन झालेल्या इंडियन नॅशनल थिएटरने लोककला संशोधनाचा विभाग चालवला होता. कवी अशोकजी परांजपे यांनी त्याची धुरा सांभाळली. गावोगावच्या विधिनाट्यांचा अभ्यास करून ती शहरी रंगमंचावर आणायची, हे त्याचं काम. 'खंडोबाचं लगीन' तसंच आलं, 'जांभूळ आख्यान'ही.

द्रौपदी साकारायला उमप उभे राहिले. रांगडा आवाज असलेला पुरुष, आणि तो बाईच्या मनातली चोरटी ओढ दाखवतोय. यात नुसतं गाऊन भागत नव्हतं. लाजणं, लपवणं, अडखळणं आणि कबूल करणं हे सगळं चेहऱ्यावर यायला हवं होतं. ते आलं. शेकडो प्रयोग झाले, आणि शाहीर उमप हे नट उमपही झाले.

सिनेमाने मात्र त्यांची दखल उशिरा घेतली. मंगेश हाडवळेंच्या 2008 च्या 'टिंग्या'त ते दिसले तेव्हा सत्तरी केव्हाच उलटली होती. इतकी ताकद असलेल्या माणसाला पडद्याने आयुष्यभर फार कमी वापरलं, असंच म्हणावं लागेल. आणि ज्या गोंधळ्यांनी ही गोष्ट जपली, त्यांच्या वाट्याला तर तेवढंही आलं नाही.

26 नोव्हेंबर 2010 ला, म्हणजे संविधान दिनी, उमप नागपूरच्या दीक्षाभूमीवर एका कार्यक्रमात होते. तिथे मंचावरच ते कोसळले आणि गेले. वय 79.

त्यांचा मुलगा नंदेश उमप हाही गायक आणि नट. वडिलांच्या नावाने दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास मृद्गंध पुरस्कार दिले जातात.